प्रेसिडेंट १९७३, मूळ अवस्थेत

१२ जानेवारी, रविवार

हेराल्डवरून भांडण झालंच! चंद्रप्रकाश म्हणाला, "पावसात आत बसून छत्री उघडावी लागते त्या गाडीत. असली गाडी निवडक दहात?" म्हटलं, गळते तर गळते. पण ९४८ सीसी, बोअर ६३ मिमी, स्ट्रोक ७६, स्वतंत्र चॅसी, अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उघडतं — आणि पंचवीस फुटांत वळते. कुठल्या गाडीला जमतं दाखव. सगळे हसले. हेराल्ड राहिली.

क्लबची पुस्तिका निघतेय, 'आमच्या निवडक दहा'. माहिती मी लिहायची. साहजिकच. चंद्रप्रकाशकडे अॅम्बॅसडर मार्क टू आहे, चाळीस वर्षं घरात, आणि इंजिन लिहितो '१५०० सीसी'! १४८९. उरलेले अकरा सीसी काय हवेतून आणणार? मी दहावीनंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. डिक्शनरी शेजारी ठेवून वर्कशॉप मॅन्युअल वाचलं, त्यातच इंग्रजी शिकलो. माझ्या हातून चुकीचा आकडा छापला जाणार नाही.

पहिल्या पानावर आमची गाडी. प्रीमियर प्रेसिडेंट, १९७३. पद्मिनी हे नाव पडण्याच्या आधीची. एकमताने! पण चंद्रप्रकाशने खोट काढली. "नंदू, फोटो ओरिजिनल कंडिशनमधला पाहिजे हां. तुझ्या गाडीत वहिनींचा संसार फार आहे."

म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. चहाकडे बघत बसला.

मृणालिनीला जाऊन सात महिने झाले. त्याचं चुकलं नाही. गाडीत संसार आहेच. ठरवलं — कंपनीतून निघाली तशी करायची. नऊ फेब्रुवारीला प्रदर्शन, तिथेच फोटो. फोटोखाली तिचं नाव छापायचं. गाडी तिचीच होती. मी चालवत नाही. एकोणिसाव्या वर्षी फिट्स आल्या, लायसन्सचा विषय संपला. आकडे माझे, स्टिअरिंग तिचं — असं पंचवीस वर्षं चाललं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. यंदा आपल्याकडे काही नाही.

दुपारी गाडीत बसून मूळ काय आणि मागून काय, ते पाहिलं. इंजिन मूळ. १०८९ सीसी, ६८ बाय ७५, ओव्हरहेड व्हॉल्व्ह. व्हीलबेस २३४०. स्टिअरिंगजवळचा गियर मूळ. काच मूळ. डायनामोसुद्धा!

बाकी मृणाल. उंची चार फूट दहा, क्लचला पाय पुरायचा नाही. म्हणून पुढची अखंड सीट पुढे सरकवलेली, रुळाच्या पट्ट्यांना नवी भोकं पाडून. क्लचवर लाकडी ठोकळा, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. डॅशबोर्डखाली पिशवी अडकवायला पितळी हूक. डाव्या मडगार्डवर जास्तीचा आरसा. सीटला तिने शिवलेली निळी कव्हरं. आणि समोरच्या काचेवरच्या उन्हाच्या झडपेमागे टिकल्या. ऑफिसातून निघताना काढायची, चिकटवायची, विसरायची. लाल, मरून, एक हिरवी. पंचवीस वर्षांच्या!

दीप्ती संध्याकाळी खाली गेली. कामावरून आली की रोज जाते, फोनवर बोलायला. सत्तावीस वर्षांची मुलगी, असेल कोणी. मी विचारत नाही. तीही माझ्याशी फारसं बोलत नाही. "जेवलात?" "हो." एवढंच.

१९ जानेवारी, रविवार

गाडी भीमराजच्या गॅरेजमध्ये, भांडुपला. त्यानेच चालवत नेली. आमच्या गाडीला त्याच्याशिवाय कोणी हात लावलेला नाही. मी यादी वाचून दाखवली. तो पाना हातात घेऊन उभा.

"ठोकळा पण काढायचा?"

"कंपनीतून आला होता का?"

"नाय."

"मग?"

"नंदूभाऊ, सीट तरी राहू द्या. फोटोत कुठे दिसतंय दोन इंच."

"परीक्षक आहेत अरे! टेप लावून मोजतात."

मान हलवली. कामाला लागला.

२२ जानेवारी, बुधवार

डुक्कर फियाटचं पान लिहिलं. १९५४ ची, हीदेखील १०८९ सीसी. पुढची दारं उलटी उघडतात. क्लबातला राजेश म्हणत होता नाव सभ्य लिहा, 'फियाट ११००' वगैरे. अख्खी मुंबई डुक्कर म्हणायची! तेच लिहिलं. पहिली मारुती पण घेतली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बारा इंची चाकं. चंद्रप्रकाशचा फोन — "मारुती क्लासिक? उद्या तू मिक्सर घेशील निवडीत!" अर्धा तास वाजवला त्याला.

बरं वाटलं. खूप दिवसांनी कोणाशी तरी भांडलो.

२६ जानेवारी, रविवार

चेंबूरला एका भंगारवाल्याकडे मोडलेली पद्मिनी टॅक्सी सापडली. सीटखालच्या पट्ट्या शाबूत, भोकं कंपनीची. गंज नाही. झकास!! भीमराजला फोन केला. तो नुसता "आणा" म्हणाला.

१ फेब्रुवारी, शनिवार

झाली! भीमराज गाडी सोडून गेला. दार उघडलं तेव्हा माझेच डोळे भरून आले. राखाडी रेक्झिन, जसं कॅटलॉगमध्ये. आरसा काढून भोक बुजवलं, रंगात खूण शोधून सापडत नाही. पेडल उघडं, लोखंडी. झडप थिनरने पुसून स्वच्छ, डाग नाही.

मृणाल, बघितली असतीस तर.

दीप्तीला म्हटलं, खाली जाऊन बघ, पहिल्या दिवशीसारखी झालीय. ती गेली. लगेच वर आली. खोलीचं दार लावून घेतलं. जेवली नाही. पित्त झालं असेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

पित्त नाही.

सकाळी डबा भरताना मी विचारलं, गाडी कशी वाटली? डब्याचं झाकण लागत नव्हतं तिच्याच्याने. म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला धुऊन काढलंत."

मी म्हटलं, अगं, तिच्याच नावाने करतोय, फोटोखाली —

"फोटोखाली!"

गेली. डबा तसाच ओट्यावर.

५ फेब्रुवारी, बुधवार

तळमजल्यावरच्या सुनंदावहिनींची खिडकी पार्किंगवर उघडते. आज जिन्यात भेटल्या. "भावजी, दीप्ती हल्ली येत नाही गाडीत बसायला? बरी आहे ना?"

म्हटलं, ती फोनवर बोलायला येते.

"कसला फोन? फोन आणतच नाही ती. ड्रायव्हरच्या सीटवर बसते, ती वरची झडप खाली करते, आणि बसून असते बापडी. पहिल्या आठवड्यात मी चहा घेऊन गेले होते. नको म्हणाली. मग मीच खिडकी लावून घ्यायला लागले."

वर आलो.

सात महिने. ती खाली, मी वर बसून आकडे लिहीत होतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दीप्तीसाठी पोहे केले. तिने खाल्ले. "मीठ बरोबर आहे," म्हणाली.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रदर्शन. भीमराजने गाडी चालवली, मी डावीकडे. निघालो आणि काहीतरी चमत्कारिक वाटायला लागलं. चौकात कळलं — माझे पाय लांब झाले होते. पंचवीस वर्षं गुडघे डॅशबोर्डला टेकवून बसलोय मी या गाडीत. सीट अखंड, तिच्याबरोबर मीही पुढे. मी पाच फूट नऊ. तक्रार करायचो. "उतरा आणि बसने या," म्हणायची. आज समोर चार बोटं मोकळी जागा. पाय कुठे ठेवावेत समजेना.

शंभरापैकी शहाण्णव गुण! चार कापले ते टायर नवे म्हणून. आलेल्या सगळ्या गाड्यांत सर्वांत जास्त. चंद्रप्रकाशने मिठी मारली. "नंद्या, जिंकलास रे!" फोटो काढले. मला बाजूला उभं राहायला सांगितलं. उभा राहिलो.

एका बाईंनी विचारलं, "तुम्हीच चालवता का?" म्हटलं, नाही, माझी बायको चालवते.

चालवते.

१० फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली. भांडुपला गेलो. भीमराजला म्हटलं, जुन्या पट्ट्या दे. सीट परत होती तशी करायची.

त्याने पाना खाली ठेवला. "त्या गेल्या, नंदूभाऊ. भंगारवाला त्याच आठवड्यात आला. आरसा, ठोकळा, सगळंच. तुम्हीच म्हणालात, गॅरेजात पसारा नको."

म्हणालो होतो.

"काय बिघडत नाय," तो म्हणाला, "नव्या पट्टीला भोकं मारतो. माप सांगा."

माप.

ती भोकं मी आजवर मोजली नाहीत! दोन इंच, दोन इंच म्हणत आलो. पावणेदोन की सव्वादोन? ९९ साली पार्ल्याहून गाडी आणली, त्याच दिवशी भीमराजने तिला बसवून, "वहिनी, पाय पुरतो का बघा" म्हणत पाडलेली. त्यालाही आठवत नाही. हेराल्डचा स्ट्रोक झोपेत सांगेन. डुक्करची उलटी दारं, मारुतीची चाकं. आणि पंचवीस वर्षं जिच्या शेजारी बसलो, तिचा पाय क्लचला कुठे पुरायचा — माहीत नाही. लिहिलंच नाही कधी कुठे. ते स्पेसिफिकेशन वाटलंच नाही.

भीमराजने स्टूल पुढे केलं. बसलो. त्याने गॅरेजचं शटर अर्धं ओढलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दीप्तीला सांगितलं. सरळ. पट्ट्या गेल्या, माप माझ्याकडे नाही, सुनंदावहिनी जे म्हणाल्या ते मला ठाऊक नव्हतं. ती भांडी विसळत होती. नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं.

मग म्हणाली, "मी तिथे बसून काही करत नव्हते. ती हिरवी टिकली माझ्या वाढदिवसाची होती. नुसती बघायचे."

टिकली थिनरने गेली. पण तिने दार लावून घेतलं नाही. स्वयंपाकघरात खाली बसलो दोघं, फरशीवर. खूप रडली. मीही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

माप सापडलं! माझ्याजवळच होतं.

सकाळी भीमराज आला, सीटचे बोल्ट ढिले केले. मी डावीकडे बसलो आणि दीप्तीला म्हटलं, मागून ढकल. ती ढकलत गेली. "अजून?" अजून. "बाबा, चिरडाल." अजून थोडी. गुडघे डॅशबोर्डच्या कडेला टेकले, डावा जरा जास्त, तो नेहमीच जास्त टेकायचा. म्हटलं, बस्स! इथे.

भीमराजने खडूने खूण केली. खिशातून टेप काढून माझ्यापुढे धरला, लिहून ठेवायला. मी नको म्हटलं. भोकं पाडली तेव्हा लोखंडाचा किस पडला, कंपनीच्या पट्टीला. शहाण्णव गुणांची ऐशी की तैशी!

क्लचवर भीमराजने नवा लाकडी ठोकळा बांधला. दीप्ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. आईएवढीच आहे. पाय क्लचला पुरला.

चंद्रप्रकाशला फोन केला, पहिल्या पानावर तुझी अॅम्बॅसडर घे. मग म्हणाला, "१४८९ लिहितो."

१६ फेब्रुवारी, रविवार

दीप्तीने गाडी बाहेर काढली. मी डावीकडे. तिचं लायसन्स कॉलेजातलं, ड्रायव्हिंग स्कूलच्या वॅगनआरवर काढलेलं. मी जीव मुठीत धरून. नाहूरच्या पुलाच्या चढावर पुढे रिक्षा रखडली. या गाडीच्या पहिल्या गियरला दात जुळवून घेणारा सिंक्रो नाही, चालत्या गाडीत तो घालायचा तर क्लच दोनदा मारावा लागतो, मधे अॅक्सिलरेटरला नेमका टेकू. नाहीतर दात कडकडतात. मी डोळे मिटले. आवाज आला नाही. लोण्यात सुरी गेल्यासारखा गेला.

हे कुठल्याही मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत. मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत म्हणाली, "आई अर्धी रजा काढायची. दुपारी. तुम्ही कामावर असताना. दोन वर्षं."