तुळईवरचं शेवटचं शून्य

तुआतापेरे, न्यूझीलंड
९ मार्च २०१४

प्रिय मर्डो,

स. न. वि. वि.

तुझं मागचं पत्र ख्रिसमसला आलं, त्यात एकूण सात ओळी होत्या आणि त्यांतल्या तीन हवामानावर. क्वीन्सलँडमध्ये शाई मिळत नसेल तर सांग, पाठवते. तीस वर्षं मेंढ्या कातरायच्या यंत्राशेजारी उभं राहिल्यावर फोनवर तुला ऐकू येत नाही हे समजतं, पण हात तर शाबूत आहेत ना?

इकडे नदीने यंदा फारच मनावर घेतलंय. फेब्रुवारीच्या पुरात काठ इतका खचला की हरणं सोलायच्या शेडपासून पाणी आता अकरा पावलांवर आहे. मी मोजली. मे संपायच्या आत शेड उतरवावी लागणार. तुळईवरच्या आपल्या खुणा अजून स्पष्ट दिसतात. मेंढ्यांवर खूण करायचा तो लाल खडू इतका टिकेल असं कुणाला वाटलं होतं? हरिण पडलं की रेघ, नेम चुकला की शून्य, आणि ज्याने गोळी झाडली त्यानेच खूण करायची. बाबांच्या रेघा उभ्या आणि ताठ, तुझ्या तिरक्या. शेवटी ते एक शून्य आहे, त्याच्याबद्दल मी काही लिहीत नाही.

दुसरी बातमी म्हणजे किर्स्टी इन्व्हरकार्गिलची नोकरी सोडून इथल्या शाळेत शिकवायला आली. माझी लेक सत्तावीस वर्षांची झाली, मामाला खरं वाटणार नाही. तिने बंदुकीचा परवाना काढलाय आणि हट्ट असा की पहिलं हरिण बाबांच्या त्या छोट्या रायफलीनेच मारायचं. शेजारचा वॉटी म्हणाला, त्या पेन्सिलीएवढ्या काडतुसाने हरणाला फार तर गुदगुल्या होतील. ती म्हणते आजोबांनी मारली ना, मग मीही मारीन. तूच काय ते सांग तिला.

आणि मर्डो, शेड पडायच्या आत एकदा येऊन जा. आईच्या मातीला आलास तेव्हा दोन दिवस राहिलास, सगळ्यांच्या घरी चहा प्यायलास, फक्त शेडकडे फिरकला नाहीस. माझ्या लक्षात आलं होतं.

लोभ आहेच, थोडा पत्रातही उतरू दे.

तुझी,
एल्सा

&nbsp;

वॉरिक, क्वीन्सलँड
१९ मार्च २०१४

प्रिय एल्सा,

अनेक आशीर्वाद.

घे, या वेळी हवामानावर एकही ओळ नाही.

ती रायफल विकून टाक. ती सशांसाठी ठीक आहे. किर्स्टीला म्हणावं, जरा मोठी घे, हरणाचे हाल करू नकोस. वॉटी बाकी सगळ्या बाबतीत मूर्ख आहे, पण या बाबतीत त्याचं ऐकावं.

पण ती ऐकणार नाही, कारण ती तुझी मुलगी आहे. तेव्हा सांगतो. मऊ टोकाची गोळी घ्यायची. लोकर कातरायची आपली शेड आहे ना, तिच्या लांबीच्या दुपटीपलीकडे नेम धरायचाच नाही. आणि मानेवरच मारायची. मान दिसत नसेल तर थांबायचं, हरिण निघून गेलं तर जाऊ द्यायचं. खांद्यामागे मारायचा मोह होतो, कारण तिथे जागा मोठी दिसते. तिथे कधीही नाही. बाबा तीनच काडतुसं द्यायचे, तशीच तीन द्यायची, आणि संध्याकाळी खिडकीच्या फळीवर तिन्ही परत दिसली पाहिजेत, भरलेली किंवा रिकामी. ज्या दिवशी दोन भरलेली आणि एक रिकामी उभी असायची त्या दिवशी बाबा जेवताना शीळ घालायचे, आठवतं का? आई रागवायची. हरणाच्या काळजाचे तुकडे कांद्याबरोबर परतलेले, आणि बाहेर दारापाशी ते गमबूट, दोन मोठे आणि एक तुझा इवलासा जोड. इथे मी आता मांस खातच नाही म्हटलं तरी चालेल, पण तो वास मधूनच येतो.

माझं येणं काही जमणार नाही. गुडघा त्रास देतो आणि टोमॅटोंना पाणी घालायला कुणी नाही. शेड पडायची असेल तर पडू दे, लाकूडच आहे.

किर्स्टीला आशीर्वाद. तुझी काळजी घे.

तुझा,
मर्डो

&nbsp;

तुआतापेरे
६ एप्रिल २०१४

ती. मर्डोमामास,

सा. न.

तुमचं पत्र आईने मला वाचायला दिलं. तुम्ही सांगितलेलं मी फ्रिजवर लिहून लावलं होतं, आणि तरी पुढे मी काय केलं ते वाचून तुम्ही रागवाल. रागवा.

शनिवारी आम्ही दोघी वरच्या नेच्यांच्या पठारावर गेलो. आई चहाची किटली घेऊन मागे. माजावर आलेले हरणांचे नर हंबरत होते, सगळी दरी दणाणत होती. एक तरुण हरिणी झाडीतून बाहेर आली, साठ-एक पावलांवर. मी मान दिसायची वाट बघत होते. ती वळेचना. मला वाटलं आता जाते, आणि मी खांद्यामागे मारली.

ती पळाली, मामा. जिथे उभी होती तिथे रक्ताचा थेंब नाही, केस नाही, काही नाही. मी म्हटलं, चुकला नेम, चल घरी. आई ओंडक्यावर बसली होती. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं तिचं काही दुखतंय. मग ती उठली आणि म्हणाली की नेम चुकला नाही, हरिणीने पाठ उचललेली मी पाहिली. मी म्हटलं, आई, रक्त नाहीये. तर म्हणाली, एवढीशी गोळी आतच राहते, बाहेर येत नाही, मग रक्त कुठून येणार? आणि ती शोधायला लागली. जेवणाच्या रुमालाच्या चिंध्या करून फांद्यांना बांधल्या, एकेक पट्टा पकडून नेचे हातांनी बाजूला करत गेली. अडीच तास. पाऊस लागला, मी तीनदा म्हटलं जाऊ या. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हरिणी नव्वद पावलांवर सापडली, पडल्या झाडाच्या आडोशाला, गार झालेली. बाहेरून बघितलं तर खांद्यामागे वाटाण्याएवढं भोक, केसांनी झाकलेलं.

मामा, मला वाटलं आई खूश होईल. ती तिथेच गुडघ्यांवर बसून रडली, अगदी हुंदके देऊन. आजीच्या वेळीही ती अशी रडली नव्हती. घरी आल्यावर मी रेघ ओढायला शेडमध्ये निघाले, तर म्हणाली खडू संपलाय. खडूचा डबा भरलेला आहे, मी बघितलाय.

तिला काय झालंय ते तुम्हाला माहीत असेल तर मला सांगू नका, पण तिला लिहा.

तुमची आज्ञा मोडणारी भाची,
किर्स्टी

&nbsp;

तुआतापेरे
१४ एप्रिल २०१४

प्रिय मर्डो,

स. न. वि. वि.

किर्स्टीने तुला लिहिलंय असं ती म्हणाली. बरं केलं. आता पुढचं मी लिहिते. हे पत्र तीनदा फाडलं, म्हणून उशीर झाला.

एकोणीसशे चौसष्टचा तो शनिवार. तू अठरा वर्षांचा, मी बारा. किटली घेऊन मी तुझ्या मागे दहा पावलांवर होते. तू गोळी झाडलीस तेव्हा त्या नराने पाठ कमानीसारखी वर उचलली आणि मागचा पाय झटकला. मला ते दिसलं. स्पष्ट दिसलं. गोळी लागल्याची खूण कशी ओळखायची हे बाबांनीच मला शिकवलं होतं, सुईत दोरा ओवायला शिकवावं तसं.

बाबा खालून धापा टाकत आले. त्यांनी तुला विचारलं कुठे नेम धरला होतास, तू म्हणालास मानेवर. ते म्हणाले मानेला लागली तर जागेवर कोसळतं, नाही तर चुकली, मधलं काही नसतं. तू लागली लागली म्हणत राहिलास. अर्धा तास शोधलं, रक्त नाही. मग त्यांनी मला विचारलं, तू काय पाहिलंस? आणि मी म्हणाले, मी बुटातलं पाणी काढत होते, मला काही दिसलं नाही.

का ते सांगते, आणि हसू नकोस. त्या रात्री गावच्या हॉलवर नाच होता. आईने माझा निळा झगा दुमड सोडून लांब केला होता, पहिला लांब झगा. शोधत बसलो असतो तर अंधार झाला असता. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

घरी आल्यावर तू शून्य काढायला नकार दिलास, तेव्हा बाबांनी खडू घेऊन स्वतः काढलं. त्या तुळईवर दुसऱ्याच्या हाताने काढलेली खूण तेवढी एकच. ते म्हणाले, ज्याला आपली चूक कबूल करता येत नाही त्याच्या हातात मी रायफल देणार नाही. कपाटाला कुलूप लागलं. मी त्या रात्री नाचले, मर्डो. ऑगस्टमध्ये तू मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीबरोबर गेलास आणि बाबा जाईपर्यंत आला नाहीस. त्यांनी शेवटच्या आजारात दोनदा तुझ्याबद्दल विचारलं, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. तेव्हा मला वाटलं, आता सांगून त्यांना कशाला त्रास. खरं म्हणजे मला स्वतःलाच त्रास नको होता.

तू खोटं बोलला नव्हतास. मी बोलले. तुझं घर माझ्यामुळे सुटलं.

शून्य पुसायला मी शिडी लावली होती, ओलं फडकंही घेतलं. हात धजावला नाही. तू सांगशील तसं करीन. तू आता मला पत्र लिहिलं नाहीस तरी मी समजेन, पण लिही.

एल्सा

&nbsp;

वॉरिक
२५ एप्रिल २०१४

प्रिय एल्सा,

अनेक आशीर्वाद, आणि ते मनापासून आहेत.

आज सैनिकांचा स्मृतिदिन, सकाळी त्यांच्या स्मारकाशी उभा होतो, बिगुल वाजत होता, आणि माझ्या डोक्यात फक्त तुझा निळा झगा. मी हसलो. शेजारच्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नकोस.

आता तू खाली बस आणि वाच. मी मानेवर नेम धरलाच नव्हता. नर वळेना, मला धीर निघेना, आणि मी खांद्यामागे मारली. तुझ्या लेकीने केलं तेच, तिच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की तिने मामाला पत्रात लिहून टाकलं. बाबांनी विचारलं तेव्हा मी मान म्हणालो, कारण मानेवरच मारायची हा आपल्या घराचा नियम होता. मी खांदा म्हणालो असतो तर ते रात्रभर शोधत राहिले असते. त्यांना माहीत होतं की ती एवढीशी गोळी आत राहते. मी त्यांना मान सांगितली, म्हणून त्यांनी मानेचा हिशेब केला. तो हिशेब बरोबर होता.

आणखी एक. तिसऱ्या दिवशी मी एकटा वर गेलो होतो. ओढ्यापलीकडे ससाणे फिरत होते. नर तिथेच पडला होता, दोनशे पावलांवर, मांस वाया गेलेलं. मी त्याच्या छातीतून गोळीचा तुकडा काढला. तो घेऊन बाबांपुढे उभं राहायचं म्हटलं तर भोक कुठे होतं तेही सांगावं लागलं असतं. मी नाही गेलो. खिशात तुकडा ठेवला आणि त्यांच्यावर राग धरला. तू पाहिलंस हे मला माहीत होतं, कारण तू तोंडावर हात नेलास तो मी पाहिला होता. तेव्हा थोडा राग तुझ्यावरही धरला. फार सोयीचा होता तो राग. इतकी वर्षं मला पुरला. माझं घर तुझ्यामुळे सुटलं नाही, एल्सा. मी ते सोडलं आणि कारण हातात धरून बसलो. त्यांची मात्र भेट राहून गेली, आणि ते मला फार लागतं, हल्ली जास्तच लागतं.

बाबांचं शून्य पुसू नकोस. ते त्यांच्या हातचं आहे. त्याच्या शेजारी तू एक रेघ ओढ, म्हणजे झालं.

टोमॅटोंना पाणी घालायला शेजारचा मुलगा तयार झालाय. चोवीस मेचं तिकीट काढलंय, इन्व्हरकार्गिलला दुपारी उतरेन. गोळीचा तुकडा कफाच्या बटणांच्या डबीत आहे. विमानतळावर अडवलं तर सांगेन की दात आहे. किर्स्टीला सांग, तिची हरिणी तिने मिळवली, पण पुढच्या वेळी मान. आणि आपल्याकडचे ते पावाचे चीज रोल करून ठेव, इथल्या लोकांना ते करता येत नाहीत.

तुझा,
मर्डो

&nbsp;

तुआतापेरे
११ मे २०१४

प्रिय मर्डो,

स. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोन दिवस खिशातच घेऊन फिरत होते. किर्स्टीला वाटलं, पुन्हा काही वाईट बातमी. मग मी तिला दोन्ही पत्रं दिली, तुझं आणि माझं फाडलेलं. वाचून ती म्हणाली, म्हणजे आजोबा सोडून सगळेच खोटं बोलले. आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने चहा केला.

शेड राहिली नाही. गुरुवारी पाऊस झाला, शुक्रवारी सकाळी पाणी चार पावलांवर होतं. मे अखेरीची वाट बघायला नदीला वेळ नव्हता. वॉटी ट्रॅक्टर घेऊन आला, किर्स्टी करवत घेऊन छपरावर चढली. मी खालून ओरडत होते की मुली, खाली उतर, लाकूडच आहे. हे तुझंच वाक्य. तिने ऐकलं नाही. शेड कोसळायच्या आधी तिने तुळईचा तेवढा तुकडा कापून काढला, बाबांच्या पहिल्या रेघेपासून शेवटच्या शून्यापर्यंत. चार हात लांब आहे. तो आता स्वयंपाकघराच्या टेबलावर पडलाय, आम्ही दोघी उभ्यानेच जेवतो.

तू सांगितलेली रेघ मी ओढलेली नाही. ज्याने गोळी झाडली त्यानेच ओढायची, नियम तो नियम. किर्स्टीनेही तिची ओढलेली नाही. मी म्हटलं तुझी तर हक्काची आहे, तर म्हणाली, मामाची आधीची आहे, मी रांग मोडणार नाही. लाल खडू शून्याच्या शेजारी ठेवलाय आणि मांजराखेरीज कुणी त्याला हात लावलेला नाही.

खिडकीच्या फळीवर दोन भरलेली काडतुसं आणि एक रिकामी पुंगळी उभी आहे. जेवताना शीळ घालायला घरात कुणी नाही. चोवीस तारखेला विमानतळावर येतेय, निळं काहीतरी घालून.

बाकी सगळं भेटीत. लोभ इतकी वर्षं टिकला, अजून तेरा दिवस टिकेल.

तुझी,
एल्सा