गेटपर्यंतचा राजवाडा

३ मार्च, रविवार. सकाळ.

परदेशातला पहिला रविवार. रोजनिशी आजपासून सुरू. नियम दोनच. खरं लिहायचं आणि रडगाणं गायचं नाही.

कंपनीनं फ्लॅट दिलाय तो दोघांसाठी. पलंग मोठा, उशा दोन, हुक दोन. अजून एकटाच आहे, पण थोडेच दिवस. लेक हॉस्टेलवर असली तरी तिची परीक्षा संपली की मगच ही येणार. निघताना एअरपोर्टवर विचारलं तेव्हा म्हणाली, बघते. बायको ‘बघते’ म्हणाली की येते. अनुभवाची गोष्ट आहे.

संकल्प: ती येईपर्यंत इथलं एकही प्रेक्षणीय स्थळ एकट्यानं बघायचं नाही. बघायचं ते जोडीनं. तसा शब्द दिलाय तिला. (तिनं मागितला नव्हता. मी आपणहून दिला.)

३ मार्च. संध्याकाळ.

बाजारात जाऊन हिच्यासाठी सपाता आणल्या. मापाचा थोडा गोंधळ झाला. मधलं माप घेतलं. दाराशी ठेवल्या आहेत. घर एकदम भरल्यासारखं वाटतंय. तिची उशी प्लास्टिकमध्येच ठेवलीय, उगाच धूळ कशाला.

५ मार्च

कामाचं ठीक चाललंय. बिस्किटांचा कारखाना, आणि आमचं मशीन त्यांचे पुडे खोक्यात भरून खोकं चिकटवणार. इथला फिटर कायम काखेत थर्मास घेऊन फिरतो, म्हणून त्याचं नाव थर्मास ठेवलंय. त्याला माहीत नाही. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आमचं उत्तम जमतं.

त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, आधी ड्राय रन. म्हणजे मशीन रिकामं चालवायचं. बेल्ट फिरतो, सेन्सर डोळे मिचकावतो, गोंदाची नळी पुढेमागे होते, आणि खोकं एकही नाही. सगळं बिनचूक झालं की मगच माल. थर्मास म्हणाला, एक खोकं टाकून बघू की. मी म्हटलं, घाई नको. घाई करणारी माणसं मी आयुष्यभर बघत आलोय.

आंघोळ करताना एकदम सुचलं. स्थलदर्शनाचाही ड्राय रन करायचा! प्रत्येक ठिकाणी आधी आपण जाऊन यायचं, अगदी गेटपर्यंत. आत पाऊल नाही. शब्दही पाळला जातो आणि ही आल्यावर एक मिनिट फुकट जात नाही. असं डोकं सगळ्यांना नसतं.

१० मार्च, रविवार

ड्राय रन पहिला: टेकडीवरचा राजवाडा. इथलं सगळ्यात मोठं आकर्षण. लोक लांबून येतात.

चौकशी पूर्ण. बस टेकडीच्या पायथ्याशी सोडते. चढ बेताचा, हिच्या गुडघ्यांना झेपेल, मध्ये दोनदा थांबावं लागेल. स्वच्छतागृह डाव्या हाताला. सामान ठेवायची खोली आहे, चांगली आहे, कुलूप स्वतः ओढून बघितलं. आणि मुख्य म्हणजे गेटासमोर झाडाखाली एक बाक. मस्त सावली. मी तिकिटांच्या रांगेत असताना हिला तिथे बसवता येईल.

तिकीट खिडकीतल्या बाईंना खुणेनं सांगितलं की आज नको. दोन बोटं दाखवली, बायको, विमान, मग तिकीट. त्या हसल्या. समजूतदार आहेत. आत जाणाऱ्यांची नुसती झुंबड. बिचारे काही माहिती न काढता आत शिरत होते.

हिला बाकाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, छान.

१७ मार्च, रविवार

ड्राय रन दुसरा: तलाव. दोघांच्या बोटी, पायांनी चालवायच्या. बोटवाल्याचा आग्रह की बसा, एकटे बसलात तरी चालेल. चालेल काय! एकट्यानं पॅडल मारलं तर ती गोल गोल फिरणार. साधं यंत्रशास्त्र आहे. त्याला समजावून सांगितलं. तो ऐकून घेता घेता दुसऱ्याच कुणाला बसवून निघून गेला.

जॅकेटं तपासली. एकाचं बक्कल तुटलंय. त्यांच्या नजरेस आणून दिलं.

बोटीचा फोटो पाठवला. उत्तर नाही. कामात असेल.

२६ मार्च

लेकीची परीक्षा संपली. लगेच हिला फोन केला, तिकीट कधीचं काढू? म्हणाली, घराला रंग द्यायचाय. मी म्हटलं, आत्ताच? म्हणाली, तुम्ही नाही आहात तोवर उरकून घेते, तुम्ही असलात की दोन वर्षं नुसती रंगांची चौकशी चालते.

यात कौतुकच जास्त होतं. एप्रिलअखेर धरून चालू.

३१ मार्च, रविवार

ड्राय रन: परत राजवाडा. मागच्या वेळी पाऊस आला तर काय, हे बघायचं राहिलं होतं. आडोसा आहे. तिकीटवाल्या बाईंनी ओळखलं. दोन बोटं वर करून विचारलं, आली का? मी हातानंच सांगितलं, येतेय. त्यांनी पेपरमिंटची गोळी दिली. एक हिच्यासाठी मागून घेतली.

११ एप्रिल

थर्मास आज जरा चढ्या आवाजात बोलला. मशीन लोण्यासारखं चालतंय, मग खोकं का टाकत नाही? मालकही विचारतो म्हणे. मी त्याला गोंदाच्या तापमानाचे दहा प्रश्न विचारले. त्याला सगळ्यांची उत्तरं येत होती, म्हणून अकरावा विचारला. तो थर्मास उघडून प्यायला बसला.

१४ एप्रिल, रविवार

रंग झाला. आता ताईचा गुडघा. ताई म्हणजे हिची थोरली बहीण, माझी मेहुणी. माणूस चांगलं, पण माझ्याशी बोलताना कायम सासूबाईंचा आवाज लावते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून ही मदतीला तिच्याकडे राहायला गेलीय. विचारलं, किती दिवस? म्हणाली, बघते.

मनात पाल चुकचुकली. लगेच हाकलली. बहिणीचं दुखणं म्हटल्यावर जायला नको का? उलट मला अभिमान आहे. मे महिना धरू. मेमध्ये इथे गर्दी कमी असते, चौकशी केलीय.

२० एप्रिल

लेकीचा फोन. हॉस्टेलवर राहून फार मोठी झाल्यासारखी बोलायला लागलीय. म्हणाली, बाबा, तुम्ही आईला कधी विचारलंत का, तिला तिकडे यायचंय का?

मी म्हटलं, रोज विचारतो की. म्हणाली, तुम्ही विचारता कधी येतेस. यायचंय का, असं विचारलंत? मी म्हटलं, ‘कधी येतेस’मध्ये ते आलंच. यावर ती म्हणाली, बाबा, जेवत जा नीट.

आजकालच्या मुलांना सरळ गोष्ट कळत नाही.

तरी फोन ठेवल्यावर भाजी करपली. सपाता दाराशी होत्या त्या उगाचच उचलून आत ठेवल्या. मग परत दाराशी आणल्या.

२८ एप्रिल, रविवार

हिनं फोटो पाठवला. आपणहून! इथे आल्यापासून पहिल्यांदा. जीव भांड्यात पडला. मग फोटो मोठा करून बघितला.

धबधबा आहे. ही खाली उभी, चिंब भिजलेली, केस विस्कटलेले, आणि हसतेय. इतकी हसताना मी तिला कधी बघितलं ते आठवत बसलो. चहा थंड झाला. मागे ताई, काठी घेऊन, तीही हसतेय. म्हणजे गुडघे ठीक आहेत. सगळ्यांचेच.

धबधबा ओळखीचा आहे, उन्हाळ्यातही न आटणारा. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा गेलो होतो तो हाच. तेव्हा झालं असं की उतरल्या उतरल्या परतीच्या बसची चौकशी केली पाहिजे, म्हणून मी हिला बॅगेपाशी उभं केलं आणि गेलो. खिडकीवरचा म्हणाला, डेपोत विचारा. डेपोतला म्हणाला, खिडकीवर विचारा. सगळं पक्कं करून आलो तोवर गेट बंद झालं होतं. ही बॅगेपाशीच उभी होती, पाण्याचा आवाज ऐकत. पण परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, हे कुणी लक्षात घेत नाही. त्या दिवशीचा एक फोटो आहे अल्बममध्ये. बॅग छान आलीय.

हिला उत्तर पाठवलं: सुंदर. परतीच्या बसचं विचारलं होतंस का?

पाठवल्यावर वाटलं, नसतं पाठवलं तर बरं झालं असतं. पुसायला गेलो तोवर तिनं वाचलं होतं.

५ मे, रविवार. सकाळ.

आज सोक्षमोक्ष. तिकिटाची तारीख फोनवरच ठरवायची. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. व्हिडिओ कॉल आहे. मागे खिडकीतून टेकडी दिसेल अशी खुर्ची लावलीय. लांबून राजवाड्याचं टोक दिसतं. तेही काम करून जाईल.

५ मे. दुपार.

तिनं कॅमेरा लावला नाही. आवाज शांत होता. भांडणाचा असता तर मी सांभाळलं असतं.

म्हणाली, अहो, मी येणार नाहीये. मी म्हटलं, मे नाही तर जून. म्हणाली, जूनही नाही. आणि तुम्ही परत आलात तरी मी ताईकडेच राहणार आहे. घर रंगवून ठेवलंय, किल्ली शेजारी दिलीय. माझा तुमच्यावर राग नाही. तुम्ही वाईट नाही आहात. पण आता मला बॅगेपाशी उभं राहायचं नाही.

मी म्हटलं, इथे सामान ठेवायची खोली आहे, कुलूप मी स्वतः ओढून बघितलंय.

मग ती रडली की हसली ते कळलं नाही, नेटवर्क खराब होतं.

नेटवर्क खराब नव्हतं.

७ मे

पोट बिघडलंय. कामावर गेलो नाही. पडून आहे. तिच्या बाजूची उशी पलीकडे तशीच, जरा हललो की प्लास्टिक वाजतं. समजूत घालायला गोष्टी बऱ्याच आहेत. रागात बोलली असेल. पण राग नाही म्हणाली. ताईनं कान भरले असतील. पण ताई आजवर मला जे काही बोलली ते तोंडावर बोलली.

काही सुचत नाही.

९ मे

थर्मासनं फोनवर व्हिडिओ पाठवला. मी नाही असं बघून त्यांनी मशीनवर माल टाकला. खोकी चाललीयत, भरतायत, चिकटतायत, ओळीनं बाहेर पडतायत. एकही वाकडं नाही. सगळे टाळ्या वाजवतायत, बिस्किटं खातायत. खाली लिहिलंय की तुमचं मशीन फार चांगलं, आधीच चाललं असतं.

उत्तर पाठवलं: अभिनंदन. त्याला काय वाटेल ते वाटो, दुसरा शब्द सुचला नाही.

१२ मे, रविवार

कंपनीचा मेल. मशीन चालू झालंय, काम संपलं, या आठवड्यात परत या. टॅक्सीची चौकशी करायला हवी. केली नाही.

सपाता कुणाला देऊ? तिकीटवाल्या बाईंना झाल्या असत्या, पण त्यांच्या पायाचं माप कधी विचारलं नाही. हिचंही कधी विचारलं नव्हतं. मधलं म्हणून घेतलं.

१६ मे

उद्याचं विमान. आज दुपारी राजवाड्यावर गेलो. खराखुरा. आत.

तिकीटवाल्या बाईंनी लांबूनच दोन बोटं वर केली, हसून. मी एक दाखवलं. त्यांनी परत दोन केली, त्यांना वाटलं मी चुकतोय. मी परत एक दाखवलं. मग त्यांचा हात खाली गेला. तिकीट दिलं, गोळी दिली, आणि काही विचारलं नाही.

आत मोठमोठ्या खोल्या आहेत. झुंबरं आहेत. खुर्च्या आहेत, त्यांना दोऱ्या लावल्यात. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत गेलो. काय बघायचं ते कळेना. लोक छताकडे बघत होते म्हणून मीही बघितलं. काहीतरी रंगवलेलं होतं. मान दुखली.

आजवर कुठेही गेलो की ही बाही ओढून म्हणायची, अहो, ते बघा ना. मी म्हणायचो, थांब गं, आधी विचारून येतो. आज कुणी बाही ओढली नाही. आणि विचारायचंही काही उरलं नव्हतं, सगळं आधीच विचारून झालेलं. त्या खोलीच्या मधोमध नुसता उभा राहिलो. लोक मला वळसा घालून जात होते. इतकं एकटं मला विमानात वाटलं नव्हतं, या फ्लॅटमध्ये वाटलं नव्हतं.

शेवटी गार्डला विचारलं, बाहेर जायचा रस्ता कुठला. त्यानं दाखवला.

गेटाबाहेर झाडाखाली तो बाक होता, हिच्यासाठी हेरून ठेवलेला. इतक्या रविवारी आलो, पण त्यावर बसलो नव्हतो. आज बसलो, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ढसाढसा रडलो. नियम मोडला.

बाक मात्र चांगला आहे. सावली शेवटपर्यंत होती.