साडेनऊ मीटर

७ जानेवारी २००७, रविवार. सकाळी ९.१०

काढला, पुसला, पुन्हा घातला. दिवा नाही. फुंकर मारली. पालथा करून पाहिला, आत जात नाही. पुन्हा सुलटा. चौथ्या खेपेला दिवा लागला. म्हणजे पेन ड्राइव्ह चांगला आहे. चिकाटी लागते.

वधू-वर परिचय मेळावा १८ फेब्रुवारीला, वर्ध्यात. परिचय पुस्तिकेचं काम समितीने एकमताने माझ्याकडे दिलं. घरात कॉम्प्युटर असलेला सभासद मी एकटाच, पण मुद्दा तो नाही. फॉर्म शहाऐंशी. ३१ तारखेपर्यंत टाइप करून प्रेसला द्यायचे. रोज दहा. नऊ दिवसांत काम संपेल. उरलेले दिवस तपासणीला.

शेवटचा फॉर्म, क्रमांक ८६, आमच्या पौर्णिमाचा. सगळ्यात आधी तोच टाइप केला. तिला अठ्ठाविसावं चालू आहे. या पुस्तिकेतून तिचं जमलंच पाहिजे. बाप म्हणून एवढं तरी माझ्या हातून व्हावं.

८ जानेवारी

कॉम्प्युटर एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून घेतलेला. आत काय काय व्हायरस असतील सांगता येत नाही. म्हणून दोन नियम. मेळाव्याची फाइल कॉम्प्युटरवर ठेवायची नाही, फक्त पेन ड्राइव्हवर. आणि पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला थेट लावायचा नाही, मध्ये एक्स्टेंशन केबल. सध्या दीड मीटर.

दारूगोळ्याच्या डेपोत एकतीस वर्षं काढली. एकच गोष्ट शिकलो, अंतर. दोन वस्तूंमध्ये अंतर असलं की एकीला झालेलं दुसरीला लागत नाही. मी स्टेशनरी सेक्शनला होतो. पण तत्त्व तेच.

पौर्णिमाला समजावून सांगितलं. ती वर्ध्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिला कळायला हवं. ती म्हणाली, हा रोग हवेतून येत नाही, वायरमधूनच येतो, मग वायर दीड मीटर असो की दीड कोस. तिला आठची पॅसेंजर गाठायची होती म्हणून वाद वाढवला नाही.

फॉर्म झाले: तीन.

११ जानेवारी

लोडशेडिंग. सकाळी तीन तास, दुपारी तीन तास. मधल्या वेळात लाइट होती, पण तेव्हा जेवण आणि झोप. फॉर्म: दोन.

उद्यापासून झोप बंद.

१२ जानेवारी

झोप लागली.

१४ जानेवारी, रविवार

फॉर्म क्रमांक ४१. राकेश, राहणार पुलगाव, वय तीस, वर्ध्याच्या प्रेसमध्ये डीटीपीचं काम. आपली पुस्तिका हाच छापणार. अपेक्षेच्या रकान्यात नुसती रेघ. तिशीतल्या माणसाला काही अपेक्षाच नसाव्यात, नवल आहे.

पौर्णिमाच्या अपेक्षांचा रकाना मी भरतो आहे. आतापर्यंत बारा ओळी झाल्या. पहिली ओळ अशी: स्थळ चाळीस किलोमीटरच्या बाहेर आणि शंभरच्या आत असावं. चाळीसच्या आत दिलं की मुलगी दर भांडणाला माहेरी येते. शंभरच्या बाहेर दिलं की सुखदुःखाला जाता येत नाही. मागच्या मेळाव्यात कारंजा घाडगेचा मुलगा आला होता. शिक्षक, निर्व्यसनी. अंतर बरोबर बसत होतं, पण घर हायवेला लागून. रात्रंदिवस ट्रक. मी नाही म्हणालो. त्याआधीचा देवळीचा. फार जवळ. त्याआधीचा गोंदियाचा. फार लांब.

राकेशचं घर आमच्या नाचणगावहून तीन किलोमीटर. विचार करायचा प्रश्नच नाही. सहज मोजलं.

१७ जानेवारी. दुपारी ४

कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन आपोआप सुरू झाला. दोनदा. ही लक्षणं आहेत. संध्याकाळी पुलगावला जाऊन तीन मीटरची दुसरी केबल आणली आणि पहिलीला जोडली. आता साडेचार मीटर. पेन ड्राइव्ह बाहेरच्या खोलीत लाकडी पाटावर, सुती फडक्यावर. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, बायकोच्या, म्हणजे मीराबाईच्या, शिलाई मशीनच्या टेबलावर. केबल उंबऱ्यावरून जाते.

एक बारीक अडचण. दिवा लागला की नाही हे बघायला दर वेळी उठून बाहेर जावं लागतं. पण डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे.

१९ जानेवारी

मीराबाई चहा घेऊन येताना उंबऱ्यात अडखळली. चहा पाटावर. पेन ड्राइव्ह मी वेळेवर उचलला. तिचा पाय मुरगळला की नाही हे विचारायला हवं होतं, असं ती नंतर म्हणाली. आणखीही एक म्हणाली.

“पोरीचं लगन लावून राह्यले का तिले गोदामात ठेवून राह्यले?”

बायकांना साठवणुकीचं शास्त्र कळत नाही.

फॉर्म: आज नाही.

२१ जानेवारी, रविवार

पेन ड्राइव्ह दिसत नाही. म्हणजे पाटावर दिसतो, कॉम्प्युटरवर दिसत नाही. पौर्णिमा घरी होती. तिने बघितलं आणि तेच म्हणाली जे ती पंधरा दिवस म्हणते आहे.

“बाबा, सरळ लावा न. मधात वायर काऊन पाह्यजे?”

मी तिला म्हणालो, तुमच्या पिढीला सगळं सरळ हवं असतं. ती हसली नाही. ओढणीला हात पुसत राहिली. मग म्हणाली की प्रेसवालेही थेटच लावतात, दिवसातून पन्नास पेन ड्राइव्ह, काही होत नाही. प्रेसवाल्यांचं तिला काय माहीत, हे विचारायचं राहिलं.

दुपारी आपोआप दिसला. संयमाचं फळ.

२४ जानेवारी

पेन्शनच्या कामाला पुलगावात गेलो. जाता जाता सकाळीच स्टेशनवर डोकावलो. गाडी उभी होती. राकेश खिडकीशी बसला होता, शेजारच्या जागेवर रुमाल टाकून. फॉर्मवरच्या फोटोमुळे लगेच ओळखला. पौर्णिमा धावत आली, त्याने रुमाल उचलला, ती बसली. मुलगा शिस्तीचा आहे. समाजाच्या मुलींना गर्दीत जागा धरून देणं ही साधी गोष्ट नाही. मेळाव्यात त्याचा उल्लेख करायला अध्यक्षांना सांगेन.

२६ जानेवारी

शाळेच्या झेंडावंदनाला अध्यक्ष महादेवराव भेटले. रिटायर्ड हेडमास्तर, आवाज अजून वर्गातलाच. गुलाबराव, पुस्तिका कुठवर, असं सगळ्यांसमोर विचारलं. नव्वद टक्के, म्हणालो. घरी येऊन मोजले. चव्वेचाळीस. अर्ध्याच्या वर. नव्वद हा शब्द तयारीच्या अर्थाने वापरला होता.

२७ जानेवारी

आळस नाही, साधनांची कमतरता. पाच मीटरची तिसरी केबल आणली. एकूण साडेनऊ. पेन ड्राइव्ह आता ओसरीवर, मोकळ्या हवेत. इतक्या अंतरावर कोणताही व्हायरस दमेल.

२८ जानेवारी ते ३० जानेवारी

दिवा नाही.

३१ जानेवारी. सकाळी ११

आज शेवटची तारीख. दिवा नाही. सांधे पुसले. सांध्यांना सेलोटेप लावली. केबल सरळ ताणली, मग सैल सोडली. मीराबाईने तिच्यावर ब्लाउजपीस वाळत घातले होते, तेही काढले. कारण ते असू शकतं.

महादेवरावांना फोन करून आठ दिवस वाढवून मागितले. कारण विचारलं. तांत्रिक, म्हणालो. ते म्हणाले, “गुलाबराव, शहाऐंशी घरं वाट पाहून राह्यली. तुमचं बी त्यातच हाये न?”

फोन ठेवल्यावर ओसरीवर बसून राहिलो. पाटावर पेन ड्राइव्ह. अंगठ्याएवढा. त्यात चव्वेचाळीस पोरं अडकलेली.

केबल काढून बघावी असा विचार आला. पण एकतीस वर्षांची सवय.

३ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी पाटावर पेन ड्राइव्ह नाही. पौर्णिमा वर्ध्याला घेऊन गेली. पर्समध्ये, किल्ल्या, कंगवा आणि चिल्लर यांच्याबरोबर. काहीच अंतर नाही. फॉर्मचा गठ्ठाही नेला. मीराबाई म्हणाली, मीच दिला.

दिवसभर तळमळ. सायंकाळी सातच्या गाडीने ती आली. प्रेसमध्ये थेट लावला, म्हणाली, चव्वेचाळीस फॉर्म निघाले, काही गेलं नाही. उरलेले ती लॅब सुटल्यावर तिथेच बसून टाइप करणार. राकेश मदत करणार.

मी मान हलवली. प्रत्येक काम प्रमुखाने स्वतः करायचं नसतं. वाटून द्यायचं असतं.

७ फेब्रुवारी

काम माझ्या देखरेखीखाली चालू आहे. पौर्णिमा रोज उशिरा येते, जेवताना फारशी बोलत नाही, पण चेहरा प्रसन्न. कामाची गोडी लागली की असं होतं. मीही डेपोत असाच होतो, निदान सुरुवातीला.

१० फेब्रुवारी, शनिवार. सायंकाळी

पुस्तिकेची पहिली छापील प्रत आली. कागद चांगला. माझं नाव दुसऱ्या पानावर, संकलक म्हणून. दोनदा वाचलं. मग फॉर्म मोजले. चौऱ्याऐंशी. पुन्हा मोजले. चौऱ्याऐंशी.

नाहीत ते दोन: क्रमांक ४१ आणि क्रमांक ८६.

माझी मुलगी नाही. बारा ओळी नाहीत.

शांतपणे विचार केला. कारण सापडलं. केबल तीन, त्यांच्यात सांधे दोन. दोन सांधे, दोन फॉर्म. प्रत्येक सांध्यात एकेक गळाला. ४१ नंबरचा बिचारा उगाच गेला, राकेशच्या आईवडिलांना काय वाटेल. पुरवणी चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवावी लागेल. मजकूर लिहायला बसलो.

मीराबाईला हे सगळं समजावलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. माझ्याकडे पाहिलं, मग आत पौर्णिमाकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. रडत असेल म्हणून जवळ गेलो. रडत नव्हती.

पौर्णिमा येऊन समोर बसली. पुरवणी चिठ्ठी वाचली, घडी करून माझ्याच हातात दिली.

“बाबा, चिठ्ठी राहू द्या. उद्या सकाळी घरीच राहा. राकेशच्या घरचे येऊन राह्यले.”

तक्रार घेऊन येत असणार. साहजिक आहे. त्यांची क्षमा मागायची आणि सांध्यांचं समजावून सांगायचं असं ठरवलं. कागदावर आकृती काढून ठेवली.

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी साडेनऊला राकेश आणि त्याचे आईवडील आले. बरोबर पेढे होते. तक्रार नव्हती. त्यांनी पौर्णिमाला मागणी घातली. आपले दोघांचे फॉर्म दोघांनी मिळून काढले, असं राकेशने सांगितलं. दीड वर्ष एकाच डब्यातून जातात. मीराबाईला दिवाळीपासून माहीत होतं.

मी पौर्णिमाला विचारलं, तुझं काय म्हणणं. ती म्हणाली, फॉर्म काढला तेच.

मग खुर्ची आणायला आत निघालो आणि उंबऱ्यात केबलमध्ये पाय अडकला. राकेशने दंड धरला म्हणून पडलो नाही. त्याचे वडील म्हणाले, तीन किलोमीटर तर हाये, पोरगी वाटेल तेव्हा येईन. मी हो म्हणालो. आकृतीचा कागद खिशातच राहिला.

ते गेल्यावर तिन्ही केबल वेगळ्या केल्या, गुंडाळल्या, शिलाई मशीनच्या खणात ठेवल्या. पौर्णिमाने प्रेसमधून परत आणलेला पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला मागून थेट लावला. पहिल्याच खेपेला दिवा लागला. टाइप करायला काही उरलं नव्हतं.