मशीन पास झाल्याशिवाय खेळायचं नाही

६ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ८.१०

कंपनीने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. आठ महिने कोरे गेले, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलंय. आजपासून रोज लिहिणार, मुद्देसूद.

काल संध्याकाळी गेमचा कन्सोल तापून बंद पडला. ठकी आणि मी गेले चार महिने एक गेम खेळतोय. दोन खाणकामगार, खाली खाली उतरत जायचं, तळाशी दगडी राक्षस. काल राक्षसाचा जीव नखाएवढा उरला होता आणि पडद्यावर पाटी आली की मशीन फार गरम झालंय, थंड होऊ द्या. मग अंधार.

ठकी म्हणाली, बाबा, अर्धा तास थांबू आणि परत लावू. मी म्हटलं, अजिबात नाही. दोष असलेलं मशीन मी पुढे सोडत नसतो. पंख्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे. मोटर किती तापलीय ते मी नुसता तळहात ठेवून सांगतो. मीटर नंतर लावतात, ते मीटर बरोबर आहे ना हे बघायला.

ठकी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात चाललीय, अठ्ठावीस तारखेला. त्याआधी दोघांनी मिळून राक्षस मारायचा असं ठरलंय. बावीस दिवस आहेत. दुरुस्तीला दोन दिवस धरले तरी वीस उरतात. काळजीचं काही कारण नाही.

नोंद: खेळात ठकीकडे कुदळ असते, माझ्याकडे कंदील. म्हणजे वाट मी दाखवतो.

७ सप्टेंबर, रविवार. दुपारी १२

मशीन वीस मिनिटं चालवून तळहात ठेवला. अठ्ठावन्न अंश. ठकीने आमच्या हिचा केकचा थर्मामीटर आणून लावला. सेहेचाळीस. थर्मामीटर बिघडलेला आहे. हिला सांगितलं, त्यावर विसंबून केक करू नकोस. ही म्हणाली, अहो, केक तर नीट होतात. मी वाद वाढवला नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

हिचं म्हणणं, कन्सोल शोकेसमध्ये काचेआड ठेवलाय म्हणून तापतो. काचेआड मीच ठेवला, धूळ जाऊ नये म्हणून. ही शाळेत सातवीला भूगोल शिकवते. उष्णता हा भूगोलाचा विषय नाही, असं मी मनात म्हटलं.

संध्याकाळी घरी आलो तर कन्सोल उघड्या टेबलावर, आणि ठकी खेळतेय. एकटीच, सरावाचा भाग. सव्वा तास झाला तरी बंद पडला नाही, असं आनंदाने सांगत होती. मी बंद करायला लावला. परवानगीशिवाय घेतलेली चाचणी धरता येत नाही. रीडिंग एकही लिहिलेलं नव्हतं.

तरी टेबलावर राहू दे म्हटलं. मी हट्टी नाही.

१० सप्टेंबर, बुधवार. रात्री ८.३०

कारखान्यातून रिजेक्ट झालेला बारा इंची एक्झॉस्ट पंखा साहेबांना विचारून घरी आणला. जाळीला ओरखडा आहे एवढंच, दम जबरदस्त. कन्सोलच्या मागे उभा केला आणि बटण दाबलं.

हिने तपासायला काढलेले सातवीचे पेपर टेबलाच्या कडेला होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सदतीस पेपर. छत्तीस सापडले. सदतिसावा बाल्कनीच्या बाहेर झाडावर दिसतोय.

ठकीचं म्हणणं असं की कन्सोल गरम हवा मागून बाहेर टाकतो, आणि माझा पंखा तीच हवा परत आत ढकलतो. तिला समजावलं की पंख्यांबद्दल घरात कुणाला किती कळतं याचा एकदा विचार कर. ती पेपरांचा गठ्ठा लावायला लागली. पटलं असावं.

मशीन सहा मिनिटांत बंद पडलं. पंखा माळ्यावर ठेवला आहे, ही शांत होईपर्यंत.

११ सप्टेंबर, गुरुवार

पेपर काढला. शिडी वॉचमनची. पंखा अजून माळ्यावरच.

१३ सप्टेंबर, शनिवार. दुपारी ४

आज ऑपरेशन. कन्सोल स्वतः उघडला. स्क्रू ताऱ्याच्या आकाराचे निघाले, तसा पेचकस शोधण्यात सकाळ गेली. आत धुळीचा एवढा मोठा बोळा होता की ठकी दचकली. सगळं ब्रशने झाडलं. चिपवरची सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली. चिपची उष्णता बाहेर काढायला ही पेस्ट लागते, म्हणून लावताना हात आखडता घेतला नाही. आख्खी ट्यूब संपवली.

मशीन जोडलं, सुरू केलं आणि काय सांगू! आवाज शून्य. आधी आतला पंखा नुसता घोंघावायचा. आता कान लावला तरी काही नाही. बावीस वर्षांत इतका शांत पंखा पाहिला नाही. हिला मुद्दाम स्वयंपाकघरातून बोलावून ऐकवला. म्हणजे ऐकू येत नाही हे दाखवलं.

ठकीने विचारलं, बाबा, पंखा फिरतोय ना पण? मला हसूच आलं.

४.१५

चार मिनिटांत बंद पडलं. तळहात ठेवला आणि लगेच काढला.

१४ सप्टेंबर, रविवार. सायं. ६

बाजारामागच्या गल्लीत एक बाई कन्सोल, रिमोट, लॅपटॉप असलं सगळं दुरुस्त करतात. ठकी घेऊन गेली. मी फक्त सोबत गेलो होतो.

बाईंनी झाकण काढलं आणि एक बारीकशी वायर चिमट्यात धरून दाखवली. पंख्याची. लावायची राहिली होती. पेस्ट पुसायला त्यांना बराच वेळ लागला, कापसाचे बोळेच्या बोळे गेले. कुणी उघडलं होतं असं विचारलं. मी म्हटलं, घरातल्याच कुणीतरी. ठकी छताकडे बघत राहिली. नंतर बाईंनी मला काय काम करता म्हणून विचारलं. मी कारखान्यात असतो म्हणालो, कसला ते सांगायची वेळ आली नाही.

बाई म्हणाल्या, झालं काम. उघड्यावर ठेवा, मागे हातभर जागा सोडा, आणि खेळा आता बिनधास्त.

बिनधास्त! त्यांनी मशीन किती वेळ चालवून पाहिलं? पंधरा मिनिटं. आमच्याकडे साधा टेबल फॅनसुद्धा पंधरा मिनिटांवर कुणी पास करणार नाही. रिलायबिलिटी म्हणून काही चीज असते.

निर्धार: उद्यापासून घरीच चाचणी. रोज संध्याकाळी सहा ते दहा मशीन सलग चालू ठेवायचं. दर अर्ध्या तासाला तळहात. लागोपाठ पाच दिवस बंद न पडता गेले, तरच पास. मध्ये खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि पास झाल्याशिवाय कुणीही खेळायचं नाही.

ठकी म्हणाली, मग चाचणी म्हणून आपण दोघं खेळूच या ना, सहा ते दहा. तिला नीट समजावलं की चाचणीत माणूस आला की निकाल बिघडतो. गेमचं सुरुवातीचं चित्र लावून ठेवायचं, बस्स. इंटरनेटसुद्धा काढून टाकलं. बाहेरचा काही घटक नको.

ती बरं म्हणाली. समजूतदार आहे पोरगी.

१७ सप्टेंबर, बुधवार. रात्री १०.०५

तिसरा दिवस पास. सहा ते दहा टीव्हीवर दोन खाणकामगार जागच्या जागी श्वास घेत उभे असतात. ही म्हणते, बातम्या तरी लावू द्या. ठकी थोडा वेळ शेजारी येऊन बसली. सवयीने रिमोट हातात घेतला, परत ठेवला. मग बॅग आणायला जायचंय म्हणून उठून गेली.

१८ सप्टेंबर, गुरुवार. रात्री ८.४०

घात झाला. हिने इस्त्रीसाठी कन्सोलचा प्लग काढला. मी विचारलं, तिथे चाचणी चालू आहे असा कागद चिकटवला होता ना? ही म्हणाली, तोच सोडवून इस्त्रीखाली घातला होता.

उद्यापासून पुन्हा पहिला दिवस.

२२ सप्टेंबर, सोमवार. रात्री १०

चौथा दिवस पास. उद्या पाचवा. म्हणजे परवापासून खेळायला चार पूर्ण दिवस. ठकीला सांगितलं. खूश झाली. बुधवारी मैत्रिणी बोलावत होत्या, त्यांना नाही म्हणून कळवून टाकलं तिने.

२३ सप्टेंबर, मंगळवार. रात्री ९.५०

नऊ चाळीसला वीज गेली. वीस मिनिटं बाकी होती. फक्त वीस.

ठकी म्हणाली, बाबा, हे धर ना पास, मशीन थोडंच बंद पडलं, वीज गेली. हीसुद्धा अंधारातून म्हणाली, अहो, पोरीसाठी एवढं करा. दोघींना वाटतं मी मुद्दाम करतोय. कुणासाठी करतोय मी हे? ऐन वेळी, राक्षस मरायला आलेला असताना, परत अंधार झाला तर तिचंच तोंड एवढंसं होईल. ते मला बघवणार नाही. गेल्या खेपेलाही बघवलं नव्हतं.

उद्या पहिला दिवस.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. रात्री १०.१०

तिसरा दिवस पास. ठकीच्या बॅगा भरून दारापाशी उभ्या आहेत. आज ती म्हणाली, परवा जातेय मी. अर्धाच तास खेळू. बंद पडलं तर पडलं.

मी तिला हिशेब समजावून सांगितला. शेवटची चाचणी रविवारी सकाळीच घेणार, सात ते अकरा. तिची गाडी दीडची, घरून निघायचं पावणेएकला. मध्ये पावणेदोन तास. राक्षसाला दहा मिनिटं पुरतात. याला म्हणतात नियोजन.

ती हसली आणि झोपायला गेली. हसली की नाही ते नीट दिसलं नाही खरं तर.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११.००

पास! लागोपाठ पाच दिवस, वीस तास, एकदाही बंद नाही. कारखान्यातून आणून ठेवलेला हिरवा स्टिकर चिकटवला. ठकीला हाक मारतो.

११.२०

शेजारचे निरोप द्यायला आलेत. बसलेत. मी घड्याळाकडे बघतोय ते त्यांना दिसावं अशा बेताने बघतोय.

११.४०

गेले. बसलो दोघं. खेळ सुरू करायला गेलो तर आमचा अर्धवट राहिलेला डाव इंटरनेटवर ठेवलेला निघाला. हरकत नाही. इंटरनेट जोडलं. जोडताक्षणी पडद्यावर आलं की दोन आठवड्यांत अपडेट झालेलं नाही, ते आधी करावं लागेल. लागणारा वेळ: दोन तास पाच मिनिटं.

१२.३०

अडतीस टक्के. ठकी माझ्या खांद्याला टेकून बसलीय. पट्टी पुढे सरकताना बघतोय. ती म्हणाली, बाबा, मशीन गार आहे बघ एकदम. मी तळहात ठेवून बघितला. खरंच गार होतं.

दुपारी २.३०

तिला गाडीत बसवून आलो. घरी आलो तर अपडेट पूर्ण झालेलं. पडद्यावर लिहिलं होतं, खेळायला तयार.

५ ऑक्टोबर, रविवार. सायं. ५.३०

आठवडाभर रोज खेळलो. एकटा. ठकीनेच फोनवर सांगितलं की तू मार राक्षसाला, मला फोटो पाठव. म्हटलं, त्यात काय, अर्ध्याहून जास्त तर मीच मारलाय.

एकट्याने खेळताना कंदील आणि कुदळ दोन्ही आपल्याकडेच असतात. कुदळीचं बटण कुठलं ते मला माहीत नव्हतं. चार महिन्यांत कधी लागलंच नाही. मंगळवारी सापडलं. तेव्हापासून एकतीस वेळा राक्षसासमोर उभा राहिलो. जास्तीत जास्त टिकलो चाळीस सेकंद. ठकी असताना अर्धा अर्धा तास टिकायचो.

फोन करून तिला विचारलं, हे असं कसं? ती म्हणाली, बाबा, तू मागे कंदील घेऊन उभा राहायचास ना, तेवढं पुरायचं मला. राक्षस तुझ्याकडे वळला की मी मध्ये यायचे. तुला कळत नव्हतं का? मी म्हटलं, कळत होतं की. मग तिने जेवलास का विचारलं, मी तिला तेच विचारलं, आणि फोन ठेवला.

परत पाच डाव खेळलो. मग मशीनवर तळहात ठेवला. गार. मशीन तापायचं तर समोरचा माणूस निदान वीस मिनिटं तरी जिवंत राहायला लागतो.

अंतिम रिपोर्ट लिहून खाली सही केली: मशीनमध्ये दोष नाही. ठकीची फार आठवण येतेय.