रीस्टार्ट करणार नाही

९ मार्च २००९, सोमवार. डुलुथ.
शनिवारी सासूबाईंचा, आर्डिस यांचा, ऐंशीवा वाढदिवस. कै. सासरेबुवांची, ऑर्विल यांची, एकच व्हिडिओ टेप शिल्लक आहे. ती कॉम्प्युटरवर उतरवून सगळ्यांना दाखवायची. बायको, मार्लिस, म्हणाली, दुकानात देऊन टाकू. मी म्हटलं, घरात लिनक्सचा जाणकार असताना दुकान कशाला? टेप उतरवून घेणारी यूएसबी डबी मशीनला जोडली. ती चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तेवढा कंपाइल करायचा. वीस मिनिटं.

१० मार्च
ड्रायव्हर अडला. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हेडर फाइली मागतोय. चालू कर्नल आणि हेडर एकाच आवृत्तीचे लागतात. डिस्कवर हेडर आहेत नव्या कर्नलचे, चालू आहे जुना. जुने हेडर मीच साफसफाईत उडवले (शिस्त!). नवा कर्नल चालू व्हायला रीस्टार्ट लागतो. ते शक्य नाही. मशीन सलग ४१२ दिवस चालू आहे. लिनक्स क्लबातला माझा प्रतिस्पर्धी टोइवो, त्याचं जेमतेम ३९०.

११ मार्च
जुन्या नावाचं फोल्डर केलं, आत नवे हेडर. कंपाइल झालं! मार्लिसला हाक मारली. ती येईपर्यंत कर्नलने ड्रायव्हर नाकारला: आवृत्ती जुळत नाही. मार्लिस म्हणाली, अरे लोवेल, एकदा बंद करून चालू कर ना. सामान्य माणसांचं हे असंच.

१२ मार्च
निश्चय: हेडर हाताने दुरुस्त करणार. फाइली नऊ हजार. रोज दोनशे केल्या तर एप्रिलअखेर सहज. वाढदिवस पुढे ढकलता येईल का, असं मार्लिसला विचारून पाहिलं. जेवण थंडच मिळालं.

१३ मार्च
३७ फाइली झाल्या. सासूबाईंचा फोन. ऑर्विलचा आवाज असेल का रे त्यात? अकरा वर्षं झाली ऐकून. म्हटलं, असेल. फार लाज वाटली. रीस्टार्टच्या बटणावर बोट ठेवलं. काढलं. ४१५ दिवस म्हणजे चेष्टा नाही. सकाळी बघू.

१४ मार्च, सकाळी ९
मार्लिसने कॉफीच्या मोठ्या भांड्यासाठी माझा प्लग उपटला. म्हणे, दुसरं भोक रिकामं कुठे होतं? परत लावल्यावर मशीन नव्या कर्नलवर उठलं. ड्रायव्हर दोन मिनिटांत झाला. योगायोग.

संध्याकाळी ५
टेप दाखवली. १९९१चा नाताळ. झाडावरचे दिवे लागत नाहीत आणि मी वायरींच्या गुंत्यात डोकं खुपसून बसलोय. मागे ऑर्विल, हातात कप. म्हणतात, अहो जावईबापू, एकदा प्लग काढून परत लावा की!
सासूबाई रडता रडता हसायला लागल्या. बाकीचे नुसतेच हसले, माझ्याकडे बघून. तेवढाच तुकडा सासूबाईंनी तीनदा लावायला लावला. तिन्ही वेळा मीच लावला.
नवा विक्रम आजपासून. टोइवो: ३९४ दिवस. मी: आठ तास.