घंटेतली लोकर

काचोरा,
१४ मे २००७

ती. सौ. एर्मेलिंदा वन्संना,
तोरिबियाचा सा. न. वि. वि.

तुम्ही बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेलं काळं कापड मिळालं. फोन करत नाही म्हणून रागावू नका. गावात फोन एकच, तोही दुकानात, आणि तिथे सामान घ्यायला कमी आणि ऐकायला जास्त माणसं येतात. त्यापेक्षा पत्र बरं. लिहायला वेळ लागतो, पण लिहिलेलं मला आता वाचताही येतं.

इकडे मका काढून झाला. यंदा कणसं लहान आहेत, पण गोड आहेत. गुडघा दुखतो, त्याला मी विचारत नाही.

आता मुद्द्याचं. तुमचा भाऊ जाऊन दहा महिने होत आले. खेचरवाल्यांच्या संघटनेचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. माणूस गेला की त्याचा खेपेचा नंबर, म्हणजे पाहुण्यांचं सामान न्यायची पाळी, वर्षभर घरात राहतो. तोवर भाड्याचा माणूस लावून चालतं. वर्ष भरायच्या आत घरातल्या कोणी खेचरं हाकली नाहीत तर नंबर जातो. रविवारच्या बैठकीत सातुर्निनो भावजी उठले आणि म्हणाले की घरातला आता मीच. खोटं नाही ते. आयुष्यभर दुसऱ्याची खेचरं हाकून तेही थकलेत. पण नंबर गेला की मागोमाग खेचरं जातील, आणि मग माझ्याकडे उरेल अर्धं शेत आणि एक खुराडं.

म्हणून मी उठले आणि म्हणाले, मी जाते. सगळे हसले. एकाने विचारलं की चढावर बाई खेचराला ओढणार की खेचर बाईला. मी म्हणाले, ज्याला दम लागेल त्याला दुसऱ्याने ओढावं.

अध्यक्ष डॉन एवारिस्तो हसले नाहीत. त्यांनी ठरवलं की एक खेप मला द्यायची. पाहुण्यांचं सामान चोकेकिरावच्या पडक्या शहरापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. बोजा मुक्कामाला उशिरा पोचला तर नंबर भावजींचा. घरात भांडण उरलंच तर तुमचा शब्द शेवटचा, कारण थोरल्या तुम्ही.

लिमाला या, गाळ्यावर माझ्याशेजारी बसा, असं तुम्ही मायेने लिहिलंत. पण वन्सं, मी तिथे बसले तर गिऱ्हाइकाला कांदे कमी आणि बोलणी जास्त मिळतील. मी जाणार आहे.

धाकट्या वन्संना आणि तुमच्या मुलींना आठवण सांगा. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

तुमची,
तोरिबिया


लिमा,
२५ मे २००७

चि. तोरिबिया हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि पुढच्या तिन्ही गिऱ्हाइकांना मी बटाट्यांच्या जागी कांदे तोलून दिले. तुझी धाकटी वन्सं लिमात कधीच नव्हती, ती आबान्कायला असते. म्हणजे पत्र लिहिताना तुझंही चित्त ठिकाणावर नव्हतं. बरं वाटलं.

तोरिबिया, सांता रोसाच्या वरच्या त्या वळणावर माझा भाऊ समोरून येणाऱ्यांना वाट द्यायला दरीच्या बाजूला सरकला आणि पायाखालचा दगड निघाला. तू त्याच वळणावरून जाणार म्हणतेस. मी तुला इथे बोलावते ते गाळ्यासाठी नव्हे. गाळा मला एकटीला पुरतो. एकाच घरातली दोन माणसं एकाच दरीला द्यायची नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

सातुर्निनोचंही पत्र आलं. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आणि हट्ट तुझ्याइतकाच. त्याचंही वय झालं, त्यालाही चार जनावरं स्वतःची असावीत असं वाटतं, यात त्याचं काय चुकलं? मी अजून कुणालाच शब्द दिलेला नाही.

जायचंच असेल तर आपल्या घरची रीत पाळ. बाबा गेले तेव्हा आईने पुढच्या घोडीच्या घंटेत लोकर कोंबली आणि वर्षाची प्रार्थना होईपर्यंत काढली नाही. घरचं माणूस गेलं की घरची घंटा गप्प बसते. फोर्तुनातो गेल्यावर ती लोकर मी माझ्या हाताने भरली. भाड्याचा माणूस स्वतःची घोडी आणत होता, म्हणून आजवर प्रश्न आला नाही. आता तू आपली घोडी काढशील. लोकर जुलैपर्यंत आत राहू दे. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी.

गुडघ्याला विचारत जा. तो तुझ्यापेक्षा शहाणा आहे.

रागावले असले तरी तुझीच,
एर्मेलिंदा


काचोरा,
११ जून २००७

ती. सौ. वन्संना,
तोरिबियाचा सा. न. वि. वि.

मी परत आले आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही बसून वाचाल.

पाहुणे फ्रान्सचे होते, दोन नवरा-बायकोच्या जोड्या, चौघंही माझ्याहून म्हातारे आणि माझ्याहून हौशी. गाईड कुस्कोचा, विल्बर नावाचा. मला पाहून त्याने खेचरवाला कुठे आहे असं विचारलं. मी म्हणाले, तुमच्या समोर. त्यानंतर तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत होता.

बोजा बांधताना खेचरांच्या डोळ्यांवर फडकं धरायचं काम इतकी वर्षं मीच करत आले. बांधायचं काम तुमच्या भावाचं. या वेळी दोन्ही मी केलं. कापुलीयोकच्या खिंडीत पाद्रेयोक शिखराच्या बर्फाकडे तोंड करून, त्याची परवानगी मागायला कोकाची तीन पानं फुंकली आणि उतरायला लागलो.

तुम्ही सांगितलं तसं लोकर घंटेतच होती. वन्सं, घोडी पुढे चालली होती, पण खेचरांना ती चाललीय हे कळत नव्हतं. डोळ्यांनी ती वाट बघत नाहीत, कानांनी बघतात. एका वळणाआड घोडी गेली की मागची थबकायची. सगळ्यात मागचं, तंबूंचं ओझं असलेलं, गवत खात उभं राहिलं आणि मग सरळ घरच्या वाटेला लागलं. ते आणायला मी अर्धा उतार पुन्हा चढले. चिकिस्काच्या मुक्कामाला तंबू पोचले तेव्हा पाहुणे थंडीत दगडावर बसून मक्याचे फुटाणे खात होते. विल्बर घड्याळ बघत होता, आणि तो लिहून घेणाऱ्यांपैकी आहे.

सकाळी नदीवर उतरलो. आपुरिमाक यंदा फार बोलते आहे. पुमालाही रडवतात त्या माश्या चावत होत्या. पुलाच्या अलीकडे मी घोडी थांबवली, घंटा उलटी केली आणि लोकर बोटाने उपसून काढली. सगळी. ती फेकली नाही, कमरेच्या कापडात बांधली. तुमच्या भावाला सांगितलं की मला माफ कर म्हणायला मी थांबलेली नाही, मला वर जायचं आहे. मग पूल ओलांडला.

वर चढताना खेचरं एकामागे एक अशी आली, जशी दोरी ओवली आहे. सांता रोसाच्या वर, त्या वळणाच्या थोडं पुढे, सातुर्निनो भावजी भेटले. मालकाची आठ लादलेली जनावरं घेऊन ते उतरत होते. त्यांनी सगळी जनावरं डोंगराच्या अंगाला, रुंद जागी उभी करून ठेवली होती आणि टोपी हातात धरली होती. आम्ही पुढे गेलो. त्याआधी वळणावरच्या तुमच्या भावाच्या क्रुसापाशी मी थांबले नव्हते, कारण तिथे खेचरं थांबवता येत नाहीत.

चोकेकिराव पाहिलं. इतकी वर्षं तुमचा भाऊ तिथे जायचा आणि मी त्याच्यासोबत उकडलेला मका आणि चीज बांधून द्यायचे. तो सांगायचा की भिंती आहेत, दगड आहेत. पुरुषांना सांगता येत नाही. तिथे उतरत्या शेतांच्या बांधांत पांढऱ्या दगडांचे लामा बसवले आहेत, ओळीने वर चढणारे. शाळेतल्या मास्तरांनी दिलेल्या पुस्तकात मी वाचलं होतं की परक्या फौजा आल्यावर आपले राजे या डोंगरांत मागे हटले. म्हणजे तेही हाच चढ चढले असणार, माझ्यासारखेच पायी. एक फ्रेंच बाई रडत होती. मी तिला कोकाची पानं दिली, कारण रडण्याने तिथे दम लागतो.

परतीला एकही बोजा उशिरा आला नाही. पण पहिल्या दिवशी आला होता, आणि बैठकीत विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. का आला ते सांगितलं नाही. नियमाप्रमाणे मी हरले आहे. आता तुमचा शब्द.

लोकर काढल्याचं तुम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून सगळं लिहिलं. तुम्ही रागावाल ते मला ठाऊक आहे. पुन्हा गेले तरी काढीन.

राग निवेल तेव्हा दोन ओळी पाठवा, त्या मायेच्या असोत.

तुमची,
तोरिबिया


काचोरा,
१३ जून २००७

ती. ताईस,
सातुर्निनोचा शि. सा. न. वि. वि.

वहिनीने तुला लिहिलंच असेल, पण ती स्वतःचं अर्धंच सांगते.

मी जनावरं घेऊन उतरत होतो. मालकाचे पाहुणे घाईत होते, म्हणून मीही घाईत होतो. त्या वळणाकडे वळणारच, तोच खालून आपली घंटा ऐकू आली. ताई, बाबांनी ओतून घेतलेली ती घंटा आहे, काचोऱ्यात तशी दुसरी नाही. दादा गेल्यापासून ती कोणी ऐकलेली नव्हती. मला वाटलं, दादा मलाच न्यायला आलाय, त्याची खेचरं मागितली म्हणून. हसू नकोस. मी जनावरं आत ओढली, टोपी काढली आणि उभा राहिलो.

मग वळणाआडून घोडी आली, आणि तिच्यामागे वहिनी, घामाघूम, तोंडात कोकाची गोळी, आणि माझ्याकडे बघितलं असं की जणू उशीर मीच केला.

घंटा वाजली नसती तर आम्ही त्या वळणातच समोरासमोर आलो असतो. माझी आठ आणि तिची चार, आणि वाट एका जनावराची. पुढचं मी लिहीत नाही.

बैठकीत तिने उशीर कबूल केला आणि गप्प बसली. मी बोलायला हवं होतं. सगळ्यांदेखत जीभ उचलली नाही, म्हणून तुला लिहितो. नंबराबद्दल मी आधी जे लिहिलं ते धरू नकोस. मला अजूनही हवा आहे, खोटं कशाला बोलू. पण असा नको.

तुझ्या हातचं खाऊन फार दिवस झाले. आठवण ठेव.

तुझा,
सातुर्निनो


लिमा,
२४ जून २००७

चि. तोरिबियास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा फाडायला घेतलं. कागद जाड आहे, फाटला नाही.

तू लोकर काढलीस. मी ती भरली तेव्हा माझ्या हातांना अजून भावाच्या अंत्यविधीच्या मेणबत्त्यांचा वास होता. त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. करीन, पण माझ्या वेळेने. मला घाई करू नकोस.

आता दुसरं. सातुर्निनोचं पत्र आलं. ते वाचून मी गाळा बंद केला आणि घरी येऊन बसले. एकाच घरातले किती जण त्या दिवशी त्या वळणावर होते ते मी मोजलं. तुला लिहिलं होतं ना, दोन माणसं एका दरीला द्यायची नाहीत म्हणून. मी लोकरीचा हट्ट धरला आणि फोर्तुनातो धरून तीन द्यायला निघाले होते.

तंबू उशिरा पोचले ते लोकरीमुळे. लोकर माझी. म्हणजे उशीरही माझा. खेप तुझी, ती वेळेवर झाली. हेच मी डॉन एवारिस्तोंना लिहून आजच्या बसने पाठवते आहे, आणि खाली सही ठळक केली आहे. नंबर तुझा. सातुर्निनोला तुझ्या पुढच्या शिंगराचं वचन दे. तो नको म्हणेल, तरी दे.

वर्षाच्या प्रार्थनेला मी येते आहे. एकोणीस जुलैला तुझं काळं माझ्याच हातांनी उतरवीन. हिरवा घागरा घेतला आहे. कंबर अंदाजाने घेतली, आता चढ-उतार करून सैल झाला तर शिवून घे.

तुझ्यावर रागावून आणि तुझ्यासाठी जपून,
एर्मेलिंदा


काचोरा,
५ जुलै २००७

ती. सौ. वन्संना,
तोरिबियाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र डॉन एवारिस्तोंनी बैठकीत मोठ्याने वाचलं. उशीर माझा, या ओळीला कोणी हसलं नाही. भावजी उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळाने माझ्या घोडीला पाणी पाजताना दिसले. शिंगराचं मी बोलले. नको म्हणाले. दिलं.

आता जे लिहिते त्याने तुम्ही पुन्हा रागावाल, पण लिहिणं भाग आहे. माझा पहिला नंबर एकोणीस जुलैला लागला आहे. ज्या दिवशी प्रार्थना, त्याच दिवशी. बदलून मागितला तर मिळेल, पण मग मी सगळ्यांच्या शेवटी जाईन, आणि पुढच्या वेळी कोणाचं बारसं निघेल, कोणाचं लग्न. पहिल्याच खेपेला बाईने दिवस बदलून मागितला, असं मला होऊ द्यायचं नाही. पाद्री बाबांना विचारलं. ते म्हणाले की विधवेशिवाय वर्षाची प्रार्थना त्यांनी पाहिली नाही. मी म्हणाले, आता पाहाल.

देवळात माझ्या जागी तुम्ही बसा. थोरल्या बहिणीचा हक्क माझ्यापेक्षा जुनाच आहे. मी त्याच सुमाराला त्या वळणाच्या वाटेवर असेन.

पण काळं मला दुसऱ्या कोणाच्या हातून उतरवून घ्यायचं नाही, आणि ते अंगावर घेऊन ही खेप करायचीही नाही. म्हणून विनंती आहे. प्रार्थनेआधी, उजाडता उजाडता, भावजींबरोबर कापुलीयोकच्या खिंडीपर्यंत या. ते तुम्हाला खेचरावर आणतील, मी सांगून ठेवलं आहे. घागरा बरोबर आणा. पाहुण्यांना मी थोडं पुढे पाठवीन. तिथेच वाटेवर माझं काळं उतरवा आणि हिरवं नेसवा. रडायचं असेल तर तेही तिथेच उरकून घेऊ.

फार वेळ थांबता येणार नाही, उतार उन्हाआधी गाठायचा असतो. उशीर करू नका.

तुमची वाट पाहणारी,
तोरिबिया