ह्यांनी तपासलेले कांदे

१२ नोव्हें.
पाणीगेटला जाऊन लावायचे बारके कांदे आणले. सुपारीएवढे. बी पेरा, रोपं करा, एवढा दम मला नाही. गुजराती दुकानदार म्हणे, बा, मोठे नका घेऊ, मोठ्यांना डेंगळे येतात, सगळा जोर फुलात जातो. सांबारातले ते छोटे लाल पण मूठभर टाकले त्याने, वर म्हणून.
ह्यांना रिक्षात बरोबर नेलं. घरी कुणावर सोडणार. मागच्या आठवड्यात फाटक उघडं राहिलं तर हायवेपर्यंत गेले होते. भाजीवाल्याने ओळखलं, हात धरून आणलं.
वर्षाला कळलंच. पुण्याहून फोन. "आई, मी फेब्रुवारीत येते. तोपर्यंत बाबा फाटकाबाहेर गेले नाहीत तर ठीक. नाहीतर इथल्या केंद्रात ठेवायचं. विसरणाऱ्या माणसांसाठीच आहे ते." लेक माझीच, पण बोलते डॉक्टरसारखी.
हाताला काम असलं की माणूस घरात राहतो. म्हणून कांदे.

१३ नोव्हें.
मागची जागा खणली. ढेकळं फोडली, जुनं शेणखत घातलं. शेजारच्या हंसाबेनची सून भिंतीवरून मोबाईल दाखवत होती, अमुक पावडर, तमुक पाणी. कांदा आहे, नवरी नाही सजवायला.
मूळ खाली, शेंडा वर, शेंडा मातीबाहेर जरासा. दोघांत चार बोटं. ह्यांनी सुतळी ताणून लावले. मी लावलेली ओळ वाकडी म्हणून काढून परत लावली. लावू देत. दिवस गेला, फाटकाकडे बघितलं नाही.

१७ नोव्हें.
सकाळी बघते तर सगळे कांदे उपटून फरशीवर ओळीत मांडलेले. हे बाजूला बसून एकेक उलटा करून बघतायत. तेहेतीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. माल उचलून खालून बघितल्याशिवाय पास नाही.
"काय करताय?"
"मुळं आलीत का बघतो."
आली होती. पांढरी, दोऱ्यासारखी. निम्मी तुटली. परत लावले. कंबर गेली.

१८ नोव्हें.
परत तेच.

१९ नोव्हें.
परत. लावले.

२० नोव्हें.
आज मी ओरडले. नको होतं ओरडायला. हे लहान मुलासारखे बघत राहिले, मग फाटकाकडे गेले. कुलूप होतं. गज धरून हलवत उभे, जेवायची वेळ झाली तरी.
पलीकडून हंसाबेन, "काकी, शुं थयुं?" म्हटलं काही नाही. मग हळूच म्हणते, "तमारी डुंगळी ऊगी?" त्यांच्या घरात कांदा-लसूण येत नाही, पण माझे उगवले का ते रोज विचारते.

२२ नोव्हें.
पोळ्या लाटताना आठवलं. पास झालेल्या मालावर हे खडूने खूण करायचे आणि मग त्याला कुणी बोट लावलेलं खपायचं नाही. लग्नानंतर पहिली दहा वर्षं रोज शर्टाच्या खिशातून खडू निघायचा धुताना.
फुटक्या कौलाचे तुकडे पडले होते. एकेका कांद्याशेजारी एकेक खोचला. खडू हातात दिला. म्हटलं, साहेब, लॉट आलाय, तपासून घ्या.
बारा वाजले खुणा करता करता. एक कांदा उपटला नाही. मी चहा गरम प्यायले, बसून.

२४ नोव्हें.
पाणी घातलं, खुणा पुसल्या. मला धास्ती, आता परत उपटणार. नाही. वाकून बघितलं, नवी खूण केली. म्हणजे रोजचं काम मिळालं. खडूचा डबा मागवला.

११ डिसें.
पात वीतभर. एक तृतीयांश मेले, पहिल्या उपटाउपटीत. चार-पाच साळुंक्यांनी ओढले. गवत हाताने काढते, खुरपं लागलं की मुळं तुटतात. गुडघे दुखतात. बाथरूममध्ये रोज दोनदा ह्यांचे कपडे बदलायचे, ते वेगळंच.
गवत काढताना मागे येऊन उभे.
"कुठल्या खात्यातल्या तुम्ही?"
"स्टोअरमधली."
"काम चांगलं आहे तुमचं."
एवढ्या वर्षांत घरात कधी म्हणाले नाहीत.

१४ जाने.
उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत. सगळी सोसायटी गच्चीवर, भोंगे, काप्यो काप्यो. कुलूप लावायचं राहिलं होतं, पतंग पकडायला कुणी आत आलं आणि फाटक उघडं टाकून गेलं. मला तासाभराने दिसलं. धावले. हे मागेच, खूण करत. आवाजाकडे लक्ष नाही.
वर्षाला सांगितलं. म्हणाली, "एका दिवसावरून काय ठरतं, आई." खरं आहे. तरी मला बरं वाटलं.

२९ जाने.
दोन कांद्यांना डेंगळे. मोडून टाकले. मातीतून कांदे अर्धे वर दिसतायत, चांगले फुगलेत. पाणी कमी केलं. सगळे विचारतात, तुम्ही कशा आहात. काय सांगायचं. उभी आहे.

८ फेब्रु.
पाणी बंद केलं आठ दिवस झाले. पात पिवळी पडून माना टाकायला लागली. कांदा तयार झाला की पडतेच.
ते ह्यांना कोण सांगणार. मीच सांगायला हवं.

९ फेब्रु.
गेले. दूधवाल्यासाठी कुलूप काढलं होतं, तेवढ्यात. मकरपुऱ्यापर्यंत चालत. जुन्या कारखान्याच्या गेटवर सापडले. वॉचमनने खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं. पोरगा चांगला. म्हणाला, "मासी, काका म्हणतात, साहेबांना भेटायचंय. कहे छे के आखो माल फेल थई गयो."
पात पडली म्हणून सगळा माल फेल. रिपोर्ट द्यायला गेले होते. पायात दोन वेगळ्या चपला.
रिक्षात माझा हात धरून म्हणाले, माझी चूक नाही हो, मी सगळे तपासले होते. म्हटलं, माल पास आहे. दहादा म्हटलं.

१० फेब्रु.
वर्षाला सांगितलं. लपवून काय करणार, येतेच आहे. ती रडली. मी नाही.

१८ फेब्रु.
वर्षा आली. केंद्राचा फॉर्म घेऊन. टेबलावर ठेवलाय. तिने सही केलीय, माझी जागा रिकामी.
हे तिला म्हणाले, "बसा, बसा, कुठून आलात?"

१९ फेब्रु.
कांदे काढले, तिघांनी. वर्षा उपटते, मी माती झटकते, हे तपासतात. दोन ढीग. पास मोठा ढीग, लिंबापासून मुठीपर्यंत. मग ते सांबारातले निघाले, एका मुळावर सहा-सात चिकटलेले. हे किती वेळ बघत राहिले.
"एकात सात. रिजेक्ट."
वर्षा हसायला लागली, थांबेचना. मी पण. हे पण, का ते माहीत नाही.
हंसाबेन भिंतीवरून बघून गेली. म्हणे, "सरस थई."

२० फेब्रु.
कांदे पातीसकट सावलीत पसरलेत, मागच्या ओट्यावर. वर्षा म्हणाली, आई तू पड, मी बघते बाबांकडे. पडले. तीन तास झोपले. दोन वर्षांत अशी झोप नाही. उठले तेव्हा एवढं हलकं वाटलं की भीतीच वाटली. असं रोज वाटलं तर, असं मनात आलं. आलं ते आलं, लिहून टाकते.
बाहेर दोघांचा आवाज. हे तिला कांदे कसे रचायचे ते शिकवत होते.
चहाला वर्षाने विचारलं, "आई, ठरलं का?"
मी म्हटलं पात वाळू दे. माना सुकल्याशिवाय कांदा आत नेता येत नाही, सडतो.
"किती दिवस?"
"आठ. दहा लागतील."
रजा वाढवते म्हणाली. फॉर्म तिथेच आहे.